क्वेबेकची सहल, सोबत आई-बाबा, आणि फ्रेंच कुणालाच येत नाही

निशिगंध | १२ मे

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागाला (टोरोंटोजवळ) राहतो. आई-बाबा जूनमध्ये सांगलीहून येतायत, सप्टेंबरपर्यंत मुक्काम आहे. नायगारा आणि थाउजंड आयलंड्स मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी स्वतःहून एक मागणी केली आहे: देवमासे बघायचे, सेंट लॉरेन्स नदीत. ते शाळेत भूगोल शिकवायचे. ही नदी त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढली आहे, पाहिलेली मात्र नाही. त्यामुळे हे झालंच पाहिजे.

ढोबळ बेत असा: ८ दिवस, स्वतःची गाडी. मॉन्ट्रियल २ रात्री, क्वेबेक शहर ३, तादुसाक (देवमासे बघायचं गाव) २. बाबा ७१, आई ६६ (गुडघे दुखतात), लेक ९ वर्षांचा. आई-बाबा दोघंही शाकाहारी. आम्हा नवरा-बायकोला इंग्रजीशिवाय काही येत नाही, आणि क्वेबेकमध्ये इंग्रजी बोललं की लोक तोंड फिरवतात असं ऑफिसात दोघा-तिघांनी सांगितलं. आई-बाबांसमोर कुणी तसं वागलं तर मला फार लागेल. खरंच असं होतं का? जेवणाचं काय? जुलैअखेर बरं की ऑगस्ट?

घाटवाट | १२ मे

अजिबात घाबरू नका. आम्ही मॉन्ट्रियलला ४ दिवस होतो, फ्रेंचचा एक शब्द बोलायची वेळ आली नाही. दुकानदार स्वतःच 'बोंजूर, हाय' म्हणतात. तुम्ही 'हाय' म्हटलं की पुढचं सगळं इंग्रजीत. बिनधास्त जा.

रानजाई | १३ मे

घाटवाट, मॉन्ट्रियलच्या मध्यवस्तीपुरतं तुमचं अगदी बरोबर आहे. पण निशिगंध तिथून पुढे पाच-साडेपाच तासांच्या वाटेवर जाणार आहेत. मी गेली ७ वर्षं क्वेबेक शहरात राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या प्रांताची अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. १९७७ च्या भाषा कायद्याने गिऱ्हाइकाला फ्रेंचमधून सेवा मिळण्याचा हक्क दिला. पण दुकानदाराने इंग्रजी बोलू नये असं त्यात कुठेही नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. क्वेबेक शहरात हॉटेलं, संग्रहालयं, जुन्या शहरातली खानावळ, सगळीकडे इंग्रजी चालतं. शार्लव्वा (तादुसाकच्या वाटेवरचा डोंगराळ भाग) आणि तादुसाकच्या बाजूला पेट्रोलपंपावर, छोट्या बेकरीत, रस्त्याकडेच्या फळांच्या टपरीवर समोरच्याला इंग्रजी येईलच असं नाही. ते तोंड फिरवत नाहीत, त्यांना येत नसतं. अवघडलेला माणूस गप्प होतो आणि पाहुण्याला तो तुसडेपणा वाटतो. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं.

आता खरी गोष्ट. आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग थांबायचं, समोरचा 'बोंजूर' म्हणेपर्यंत. त्यानंतर प्रश्न. थेट 'एक्सक्यूज मी, व्हेअर इज' म्हणत गेलात तर ते इथे कुणाच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं दिसतं. बोंजूरनंतर 'पार्ले-वू आंग्ले?' एवढं विचारलंत की माणूस तोडकंमोडकं इंग्रजी आनंदाने काढतो. आठवा, पुण्या-मुंबईत बाहेरून आलेला कुणी 'नमस्कार, मला मराठी थोडं थोडं येतं' म्हणाला की आपण त्याला पत्ता सांगायला गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तोच जीव इथे आहे. सगळ्या उत्तर अमेरिकेच्या इंग्रजीत वेढलेली ही माणसं आपली भाषा चारशे वर्षं सांभाळत आली आहेत. गाडीच्या प्रत्येक नंबरपाटीवर 'ज्य म सुव्यें' लिहिलेलं दिसेल. 'मला आठवण आहे' हा त्याचा अर्थ.

आणि 'तू' आणि 'तुम्ही' तुमच्या आईला कुणी शिकवायला नको. फ्रेंचमध्येही 'त्यू' आणि 'वू' आहेच. अनोळखी माणसाला 'वू'. इंग्रजी माणसाला ही गाठ सुटता सुटत नाही, आपल्या ती अंगातच आहे.

अर्धविराम | १३ मे

तारखेचं कुणी बोललं नाही म्हणून. जुलैचे शेवटचे दोन आठवडे टाळाच टाळा. त्या काळात इथल्या सगळ्या बांधकाम कामगारांना एकदम सुट्टी असते आणि त्यांच्याबरोबर अर्धा प्रांत सुट्टीवर निघतो. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट पैसे. २४ जूनला सें-जां-बातिस्तची, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय सणाची सुट्टी, १ जुलैला अख्खं मॉन्ट्रियल घरं बदलतं. ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. शाळा सुरू व्हायच्या आत, आणि ब्लूबेरीचा हंगाम. इथे ब्लूबेरीला 'ब्लूए' म्हणतात, रस्त्याकडेला टोपल्या भरून विकायला असतात.

निशिगंध | १४ मे

रानजाई, तुमचं लिहिणं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'एवढंच ना, आधी नमस्कार करायचा. मग त्यात शिकायचं काय?' तारीख ऑगस्टची पक्की केली. आता जेवणाचं सांगा कुणीतरी.

मेतकूट | १४ मे

आम्ही शाकाहारी कुटुंब, दोनदा जाऊन आलोय. इथे फसवणारे पदार्थ मी मुद्दाम सांगते, कारण नावावरून कळत नाही.

पुतीन: बटाट्याचे तळलेले काप, वर चीजचे गोळे, वर गरम सॉस. दिसायला शाकाहारी, पण तो सॉस बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या किंवा गाईच्या मांसाच्या रसाचा असतो. 'सोस व्हेजेतारिएन' आहे का हे विचारायचंच. नसेल तर नुसते काप आणि चीज मागा. ताजं चीज दाताखाली करकरतं, मुलाला मजा येईल.

वाटाण्याचं सूप: पिवळ्या वाटाण्याचं, आपल्या आमटीसारखं दिसतं. पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराचं मांस असतं. न्याहारीला मिळणारे 'फेव्ह ओ लार' हे बीन्स, त्यातलं 'लार' म्हणजे डुकराची चरबी. पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ) असतो, त्याच्या कडेतही कधी चरबी घालतात, तिचं नाव 'सँदू'. पुडक्यावर हा शब्द वाचता आला पाहिजे. 'जेलातीन' कळतंच.

पाठ करायचे शब्द: 'सां व्यांद' (मांस नको), 'सां पुले' (कोंबडी नको), 'सां पुआसों' (मासा नको). तिन्ही म्हणा. 'व्हेजेतारियें' एवढंच म्हटलं की काही जण मासा चालेल असं धरून चालतात.

राहायला 'कुइझिनेत' असलेली खोली घ्या, म्हणजे छोटी शेगडी नि फ्रीज. मी लहान कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट आणि दशम्या नेल्या होत्या. मॉन्ट्रियलमध्ये पार्क-एक्स्टेन्शन भागात आपल्या किराण्याची आणि खाण्याची दुकानं भरपूर आहेत. तिथून पुढच्या पाच दिवसांचं सामान भरून घ्या, पुढे काही मिळत नाही.

आणि जेवणांची नावं! 'देझने' म्हणजे सकाळची न्याहारी, 'दिने' म्हणजे दुपारचं जेवण, 'सुपे' रात्रीचं. फ्रान्समध्ये हे एकेक घर पुढे सरकलेलं असतं. एका खानावळीत 'दिने'च्या वेळा वाचून आम्ही रात्री आठला गेलो, दार बंद.

अनुनासिक | १५ मे

मी पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, चांगले मार्क होते. क्वेबेकला पोचले आणि पहिले दोन दिवस एक वाक्य कळेना. कारण उच्चार. इथे 'त्यू' हा जवळजवळ 'त्सू' होतो, आपल्या 'चूल'मधल्या 'चू'सारखा. 'मार्दी' (मंगळवार) मधली 'दी' अशी होते की जणू 'जाळ'मधल्या 'ज'ला वेलांटी दिली आहे. इंग्रजी माणसाची जीभ इथे अडखळते. चमचा आणि चहा या दोन्हींमधले 'च' वेगळे म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ते दोन तासांत जमतं. अनुस्वारही तसेच. 'बों', 'व्हें', 'सां' हे नाकातले स्वर कोकणी-मालवणी घरातल्या माणसाला शिकवावे लागत नाहीत.

आकड्यांचं थोडं बघून जा. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. पहिल्यांदा ऐकून वर्गातली सगळी मुलं वैतागली होती. मी नाही, कारण माझी पणजी बाजारात विसाच्या हिशोबाने मोजायची: तीन विसा साठ, चार विसा ऐंशी.

निशिगंध | १५ मे

हे विसाचं वाचून बाबा केवढे खूश झालेत सांगू! त्यांची आईपण तसंच मोजायची म्हणे. आता गाडीचं. पाट्या सगळ्या फ्रेंचमध्येच असतात का?

घाटवाट | १६ मे

गाडीचं मी सांगतो, मी चालवली आहे. ४०१ नंबरचा महामार्ग, प्रांताची हद्द ओलांडली की, महामार्ग २० होतो आणि पाट्या फ्रेंच होतात. 'सोर्ती' म्हणजे बाहेर पडायचा रस्ता. 'एस्त' पूर्व, 'उएस्त' पश्चिम. घाईत हे दोन सारखे वाटतात, नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. 'त्राव्हो' म्हणजे काम चालू आहे, आणि ते सतत चालू असतं. 'पों' पूल, 'त्राव्हेर्सिए' फेरीबोट. थांबायच्या लाल पाटीवर 'आरे' लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये त्याच पाटीवर 'स्टॉप' असतं, इथे नाही.

महत्त्वाचं: मॉन्ट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळायचं नाही. ओंटारियोची सवय हाताला असते, चुकून वळाल. बेटाबाहेर चालतं, पाटीवर मनाई नसेल तर.

पार्किंगच्या खांबावर एकाखाली एक तीन-चार पाट्या असतात. वार आणि महिने नीट वाचा: 'लन' सोमवार, 'मार' मंगळवार, 'मेर' बुधवार, 'जो' गुरुवार, 'वेन' शुक्रवार. रस्ता झाडायच्या वेळी गाडी दिसली की दंड. आम्हाला झाला. त्यानंतर मी प्रत्येक खांबाचा फोटो काढून फोनवर भाषांतर बघायला लागलो. फोनमध्ये फ्रेंच आधीच उतरवून ठेवा, शार्लव्वाच्या डोंगरात नेटवर्क जातं.

रानजाई, तुमचं बोंजूरचं पटलं. पुढच्या वेळी करून बघेन.

दवबिंदू | १७ मे

दवाखान्याचं कुणी लिहिलं नाही, ते मी लिहिते. तुमचं ओंटारियोचं आरोग्यकार्ड क्वेबेकच्या डॉक्टरकडे सरळ चालत नाही. डॉक्टरांच्या बिलाबाबत बाकी प्रांतांचा आपसात करार आहे, क्वेबेक त्यात नाही. तुम्ही आधी पैसे भरायचे, पावती जपायची, परत येऊन मागायचे, आणि पूर्ण मिळतातच असं नाही. त्यामुळे कार्ड असलं तरी प्रवासविमा घ्या. आई-बाबांचा विमा असेलच, त्याच्या कागदावरचा फोन नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यांच्या रोजच्या गोळ्यांची नावं, ब्रँडची नव्हे तर मूळ औषधाची, एका कागदावर लिहून घ्या. मूळ नावं फ्रेंचमध्येही जवळपास तीच असतात, औषधवाल्याला लगेच कळतं. परिचारिकेशी फोनवर बोलायला ८११, तातडीला ९११.

रानजाई | १८ मे

आता बाबांसाठी. शार्लव्वामध्ये शिराल तेव्हा त्यांना सांगा की आपण उल्कापाताच्या विवरात उतरतोय. सुमारे ५४ किलोमीटर व्यासाचं आहे. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, त्यावरून अंदाज येईल. बे-सें-पोलपासून पुढे १३८ ऐवजी ३६२ नंबरचा नदीकाठचा रस्ता घ्या. चढउतार जोरदार आहेत, ब्रेक तपासून घ्या, पण मधे उभा असलेला मों देझेबुलमां हा त्या विवराच्या मध्याचाच उंचवटा आहे.

तादुसाकला जायला पूल नाही. बे-सांत-कातरीनहून फेरीबोट घ्यावी लागते, गाडीसकट. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असते, दहा मिनिटांत पलीकडे. ऑगस्टमध्ये रांग लागते, तेवढा वेळ धरून चाला.

देवमासे तिथेच का, हे बाबा विचारतीलच. समुद्रातून आत आलेली खोल घळ तादुसाकपाशी संपते. खालचं गार पाणी तिथे वर ढकललं जातं, त्याबरोबर क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) वर येतात, आणि क्रिलच्या मागे देवमासे. पांढरे बेलुगा तिथे बारा महिने असतात, बाकीचे उन्हाळ्यात येतात. बेलुगांपासून बोटींना ४०० मीटर दूर राहावं लागतं, त्यामुळे ते लांबूनच दिसतील. आई-बाबांसाठी मोठी बोट घ्या, रबरी नाही. ऑगस्ट असला तरी स्वेटर, कानटोपी, वाऱ्याचं जाकीट न्याच, पाणी बर्फासारखं असतं. आणि बोटीत बसवलं नाही तरी काही बिघडत नाही: गावातच प्वांत द लिस्ले नावाच्या खडकांवर लाकडी पायवाट आहे. तिथे बसून मिंकी देवमासे काठापासून हाकेच्या अंतरावर वर येताना मी कितीदा पाहिलेत.

क्वेबेक शहरात आईला उंच जिने चढवू नका. खालचं आणि वरचं शहर जोडणारी फ्युनिक्युलर (चढावर रुळांवरून जाणारा डबा) आहे. मोंमोरांसी धबधब्यालाही (८३ मीटर, नायगारापेक्षा उंच) केबलकार आहे.

निशिगंध | २ सप्टेंबर

परत आलो. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे लिहितेय.

मे महिन्यातच आईने एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक शब्द देवनागरीत, शेजारी अर्थ. रोज दुपारी चहाच्या वेळी बाबांना विचारायची, 'आरे म्हणजे?' बाबा म्हणायचे, 'थांबा.' नातू दोघांची परीक्षा घ्यायचा.

मॉन्ट्रियलबद्दल फार लिहीत नाही. घाटवाट म्हणाले तसंच झालं, सगळीकडे इंग्रजी. पार्क-एक्स्टेन्शनमधून डाळ-तांदूळ घेतले.

एक प्रसंग सांगते, कारण हा इथे कुणी लिहिला नव्हता. वाटेतल्या एका जुन्या मुक्कामी न्हाणीघरातल्या नळांवर 'सी' आणि 'एफ' अशी अक्षरं होती. आईने 'सी' म्हणजे कोल्ड म्हणून तो पूर्ण सोडला आणि हात खाली धरला. तो गरम पाण्याचा होता. फ्रेंचमध्ये 'सी' म्हणजे 'शो', गरम, आणि 'एफ' म्हणजे 'फ्रुआ', गार. हात चांगलाच लाल झाला, फोड आला नाही हे नशीब. मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या बर्फाच्या पाण्याचं भांडं घेऊन धावत आल्या आणि आईचा हात धरून दहा मिनिटं तशाच बसून राहिल्या. म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर हे आधी सांगून ठेवा. आईने वहीत लाल पेनाने लिहिलंय.

क्वेबेक शहराजवळच्या इल दोर्लेआं बेटावर एका टपरीवर ब्लूबेरी घ्यायला थांबलो. टपरीवरच्या आजी आईच्याच वयाच्या. आईने दोन्ही हात जोडले आणि 'बोंजूर मादाम' म्हणाली. त्या बाईंनीही हात जोडले. मग किंमत सांगितली, फ्रेंचमध्ये, भराभर. मी फोन काढेपर्यंत बाबा म्हणाले, 'अगं, चार विसा आणि दहा म्हणतायत. म्हणजे वर नव्वद सेंट.' टोपली ५.९० ची होती. (तिथे ५,९० लिहितात, मधे स्वल्पविराम आणि डॉलरचं चिन्ह शेवटी.) बाबांनी सुटे मोजून दिले. आजींनी ओंजळभर जास्तीच्या ब्लूबेरी नातवाच्या हातावर ओतल्या.

तादुसाकला बोटीतून दोन फिन देवमासे दिसले. पण बाबांना खरा आनंद त्या खडकांवर झाला. संध्याकाळी साडेसहा, वारा पडलेला, पाणी शिसवी रंगाचं. आधी आवाज आला, कुणीतरी मोठा उसासा सोडावा तसा. मग काळी पाठ वर आली, चकाकली, आणि हळू खाली गेली. बाबा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'फळ्यावर मी ही नदी इथे फार अरुंद काढायचो.'

तोंड फिरवलेलं माणूस एकही भेटलं नाही. एका कॅफेत मुलगी जरा कोरडी वागली, पण ती मागच्या फ्रेंच गिऱ्हाइकाशीही तशीच वागत होती.

खर्चाचं एक: बिलावर दोन कर लागतात, मिळून जवळपास १५ टक्के, आपल्या १३ पेक्षा जास्त. टिपेचं यंत्र आता करापूर्वीच्या रकमेवर टक्के काढतं, तेवढं बरं आहे.

मेतकूट | २ सप्टेंबर

शेवटपर्यंत वाचलं आणि डोळे भरून आले. पुतीनचं काय झालं?

निशिगंध | ३ सप्टेंबर

तीन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी शाकाहारी सॉस मिळाला. आईला नाही आवडलं, लेकाने दोन बश्या खाल्ल्या. 'सां व्यांद, सां पुले, सां पुआसों' हे त्याने गाण्यासारखं पाठ केलंय.

पाऊलखूण | १४ नोव्हेंबर

धागा वर काढतेय. आम्हाला फेब्रुवारीत हिवाळी उत्सवासाठी क्वेबेक शहरात जायचंय, सोबत सासू-सासरे. थंडीत जाणं कितपत शहाणपणाचं?

रानजाई | १४ नोव्हेंबर

या नक्की. फक्त तिथल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात. तुमची गाडी ओंटारियोची असली तरी टायर बदलूनच निघा. सासू-सासऱ्यांच्या बुटांना खाली लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, जुन्या शहराचे उतार गोठलेले असतात. संध्याकाळची मिरवणूक बघायची तर हॉटेल वरच्या शहरात, चालत पोचता येईल असं बघा. उणे २० मध्ये गाडी शोधत फिरणं त्यांना झेपणार नाही.

निशिगंध | १५ नोव्हेंबर

पाऊलखूण, आई सांगलीला परत गेली, पण वही इथेच ठेवून गेली आहे, 'कुणाला लागली तर' म्हणून. अकरा पानं भरली आहेत. आज रात्री फोटो काढून तुम्हाला पाठवते. नळाचं चौथ्या पानावर आहे.